मामीचं मानसशास्त्र

अनसिंगच्या बसस्टँडपासून मामाच्या घरापर्यंत जेवढी म्हणून माणसं राहतात, त्या सगळ्यांची मनं माझ्या मामीनं एकदा तरी उघडून पाहिली आहेत, आणि त्यातलं एकही तिला धड सापडलेलं नाही. याला कारण मी. दहावीनंतर मी शिकायला मामाकडे राहिले आणि अकरावीला मानसशास्त्र घेतलं. मामी लग्नाआधी दहावी पास झालेली. एके दुपारी तिनं माझं पुस्तक सहज चाळायला घेतलं आणि भाजी करपेपर्यंत खाली ठेवलं नाही. "अवं, हे तं आपल्याच घरातलं लिवून ठेवलं हाय!" असं म्हणून तिनं बाहेरून बारावीला बसायचं ठरवलं. मराठी, इतिहास वगैरे विषय तिनं नाइलाजानं घेतले. जीव मात्र मानसशास्त्रावर.

त्या दिवसापासून घरात कोणाला साधं रागावण्याची सोय उरली नाही. मामा एसटीत कंडक्टर. भयंकर बोलका माणूस. मेडशीच्या गाडीत तिकिटापेक्षा त्याचे किस्से जास्त फाटायचे. पण एखाद्या दिवशी गर्दीनं वैतागून घरी आला आणि वरणात मीठ नाही म्हणून ओरडला, की मामी शांतपणे म्हणायची, "याले विस्थापन म्हणतात. राग पॅसेंजरचा, काढून राह्यले वरणावर." मामा म्हणायचा, "बरं बाई, विस्थापन तं विस्थापन. पण मीठ दे." आख्ख्या गल्लीची तिनं अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी वाटणी केली होती. दारातली गाय अंतर्मुख निघाली, कारण ती शेजारच्या गाईकडे बघत नसे. शेजारी टेलर चाचा राहायचे. त्यांनी मामीचं ब्लाऊज शिवायचं राहून गेल्याचं सांगितलं, तर ही म्हणते, "चाचा, हे इसरणं नोहे, हे दमन हाय. तुमच्या मनातूनच माहं ब्लाऊज शिवाचं नाई." चाचा खोकत म्हणाले, "भाभी, दमन नहीं, दमा है. दो दिन से खाट पे पडा हूँ." मामीनं तेव्हा ओशाळून त्यांना आल्याचा काढा करून दिला, पण घरी येऊन मला म्हणालीच, "पाह्यलं, कसं समर्थन केलं त्यायनं?"

तिचा सगळ्यात मोठा प्रयोग आबांवर झाला. आबा म्हणजे माझ्या आईचे वडील, तिचे सासरे. ते रक्तदाबाची गोळी घ्यायला कटकट करायचे. मामीनं घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते ते, अभिसंधानाचं प्रकरण वाचलं आणि ताट वाजवून गोळीसोबत तिळाचा लाडू द्यायला सुरुवात केली. चार-सहा दिवसांत आबा शिकले. मात्र लाडू खायला. गोळी तशीच गादीखाली. पुढे तर शेजारी कुठं ताट पडलं तरी ते हात पुढे करायचे. मामी चिडली, तर म्हणाले, "सूनबाई, पुस्तक बरोबरच हाय. फक्त परयोग कोण कोनावर करून राह्यलं, ते पाह्य जरा."

मी बारावीत असताना, ऐन थंडीत, आबा गेले. दुखणं-खुपणं काही नाही; सकाळी उठलेच नाहीत.

आणि मामाचं बोलणं थांबलं. ड्युटीवर जायचा, गावांची नावं पुकारायचा, घरी येऊन जेवायचा आणि दारापुढच्या ओट्यावर बसून राहायचा. भेटायला येणाऱ्या बायका मामीला बाजूला घेऊन विचारायच्या, "तुमी तं हेच शिकून राह्यल्या ना? काय झालं हो त्यायले?" मामी चहा ठेवायला उठायची. शेवटी मलाच राहवलं नाही. एका संध्याकाळी मी पुस्तकातलं पान उघडून तिच्यापुढे धरलं. "मामी, ही सगळी लक्षणं मामाची आहेत बघ. काय म्हणायचं याला?"

तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि मिटलं.

"काई म्हनाचं नाई, पोरी," ती म्हणाली. "बाप गेला त्यायचा."

परीक्षा तोंडावर आलेली, पण तिनं अभ्यास सोडला. मामा घरी आला की सूप घेऊन त्याच्याजवळ तुरीच्या शेंगा सोलत बसायची. काही विचारायची नाही, समजवायची नाही. मला तर भीती वाटायला लागली, मामाचीही आणि तिच्या पेपरांचीही.

एकदा मी आत पुस्तक घेऊन बसले होते. मामी तव्यावर भाकर टाकून ओट्यावर काहीतरी द्यायला गेली, आणि तेवढ्यात मामाचा आवाज आला. "आबा मले शाळेत खांद्यावर नेत," तो म्हणत होता, "नाल्याले पानी असलं का. मी मोठा झालो होतो, मले लाज वाटे. तरी नेत." मग तो थांबला. मामी तिथंच त्याच्याजवळ टेकली. तो पुन्हा बोलू लागला. भाकर जळाल्याचा वास घरभर झाला, तरी ती जागची हलली नाही. मीच हळूच जाऊन गॅस बंद केला. त्या रात्री आम्ही उशिरा जेवलो, आणि जेवतानाही मामा बोलतच होता. रडत होता आणि बोलत होता.

पेपर तिनं जेमतेम तयारीवर दिले. इंग्रजीत काठावर सुटली, मानसशास्त्रात माझ्या पुढे गेली. मामानं पेढे थेट गाडीत वाटले.

मी त्याच विषयात पुढे शिकले आणि आता दूरच्या एका कॉलेजात तो शिकवते. गावी जाणं कमी झालंय. परवा गेले, तर ओट्यावर शेजारची एक लेकुरवाळी बाई मामीजवळ बसून काहीतरी सांगत होती. ती डोळे पुसून गेल्यावर मी विचारलं, "काय सांगतेस गं तू या येणाऱ्या बायकांना?"

"मी काय सांगू? त्या बोलतात, मी आयकतो," मामी म्हणाली आणि बाजूला सरकून तिनं मला जागा करून दिली.

सांगण्यासारखं माझ्याकडेही तसं काही नव्हतं. पण मी बसले, आणि दिवेलागण होऊन गेली तरी बोलत राहिले.