नांग्या

चिखलीच्या कृषी केंद्रात बियाणं विकणारा तो, गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर पुस्तकं वाचायचा. ई-पुस्तकांचे कप्पे त्यानं स्वतःच पाडले होते. नुकतीच उतरवलेली ‘पेरलेली’, वाचून झालेली ‘वेचलेली’. कोणी बोंडअळीनं पोखरलेली बोंडं मुठीत घेऊन आलं, की मोबाइल पालथा ठेवून तो सगळं ऐकून घ्यायचा.

माझी बायको गेल्यावर मी तिचा टॅबलेट त्याच्याकडे नेला. तिची अर्धवट राहिलेली पुस्तकं मला बघवत नव्हती.

“ही काढून टाक.”

“काऊन, सर?”

“वाचणारी राहिली नाही.”

तो बराच वेळ काचेवर बोट फिरवत राहिला. टॅबलेट परत आला तेव्हा एकही पुस्तक गेलेलं नव्हतं. नव्या कप्प्यात सगळी एकत्र होती. कप्प्याचं नाव ‘नांग्या’. कपाशीच्या ओळीत बी उगवलं नाही, की ज्या जागा मोकळ्या राहतात, त्या नांग्या. तिथं पुन्हा बी लावतात.

“काकू जिथं थांबल्या, तिथंच उघडते पुस्तक,” तो म्हणाला. “नांग्या घरच्यायलेच भरा लागतात, सर.”

बसस्टँडवर मी पहिलं पुस्तक उघडलं. पान वाक्याच्या मध्यातूनच सुरू होत होतं. बुलढाण्याची गाडी लागली होती. ती मी जाऊ दिली.