बसलेल्यांकडे बघणाऱ्या सासूबाई

डॅरनने माझ्या सासूबाईंना फसवलं. डॅरन म्हणजे ईस्ट टामाकीतल्या आमच्या गोदामांच्या आवाराचा मॅनेजर. बेसबॉलच्या अंतिम सामन्याचा निकाल साऱ्या आवारात एकट्या सासूबाईंनी बरोबर सांगितला, आणि पैजेच्या ढालीवर पितळी पट्टी लागली ती डॅरनच्या नावाची.

सासूबाई फलटणच्या. मुलींच्या शाळेत आयुष्यभर पीटी शिकवलं, खो-खोचे संघ घडवले. सासरे गेल्यावर इथे परदेशात, माउंट रॉस्किलला आमच्याकडे राहायला आल्या. गारठलेल्या घरात दिवसभर एकटं बसण्यापेक्षा त्या माझ्याबरोबर गोदामात यायच्या. मी टाइल्स विकतो. भाड्याच्या गॅरेजमधून सुरुवात केली, कुणाचा हात धरून वर आलो नाही, आणि सौदा करताना माझा आवाज चढतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुनावलं, "जावईबापू, तुम्ही फार बोलता. बोलणाऱ्याला समोरचं दिसत नाही."

धावणाऱ्याकडे बघू नये, बसलेल्यांकडे बघावं, हा त्यांचा सिद्धान्त. खो-खोत धावते एकच, बाकीच्या पाटीवर बसलेल्या. त्यांच्या टाचा उचललेल्या असतील तर डाव आपला. टाचा टेकल्या की गेला. मी आधी हसलो. मग एक दिवस एक बिल्डर माझ्या टेबलावर हात आपटत होता, दुसरीकडे स्वस्त मिळतं म्हणून ओरडत होता. मीही ओरडणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोकडे नजर गेली. ती माझी करडी टाइल उजेडात धरून हसत होती. मी गप्प बसलो. माल मी सांगितलेल्या भावानेच गेला.

आवारातल्या सगळ्यांची चहाची सुट्टी, म्हणजे इथला स्मोको, एकाच खोलीत व्हायची. शेजारच्या गाळ्यातला मालक अमेरिकन, त्यामुळे त्या खोलीतल्या टीव्हीवर कायम बेसबॉल. सासूबाईंना नियम समजायला फार दिवस लागले नाहीत. "पळापळीच आहे की, फक्त हातात दांडकं," म्हणाल्या. चेंडू कुठे गेला याचं त्यांना सोयरसुतक नसे. त्यांचे डोळे कडेच्या बाकावर. फोर्कलिफ्ट चालवणारा सियोने, धिप्पाड सामोअन गडी, "कोच, हू विन्स?" असं विचारायचा, आणि त्या चहाचा घोट न थांबवता बोटाने एक संघ दाखवायच्या. बहुतेक वेळा तोच जिंकायचा. मग सगळं आवार त्यांना कोच म्हणू लागलं.

अंतिम सामन्याच्या दिवशी दरवर्षी पैज. दुपारच्या स्मोकोला सातवा डाव संपत आलेला असतो. तेव्हा प्रत्येकाने चिठ्ठीवर जिंकणारा संघ आणि धावांचा फरक लिहायचा. बक्षीस काही नाही, फक्त ढालीवर नाव. "फक्त" मी म्हणतो. सासूबाई आदल्या दिवशी गाडीत मला म्हणाल्या होत्या, "माझ्या मुलींनी कपाटभर ढाली आणल्या. नाव शाळेचं, फोटो मुख्याध्यापकांचा. माझं नाव एकीवरही नाही."

त्या दुपारी निळ्या गणवेशाचा संघ लालवाल्यांपेक्षा चार धावांनी पुढे होता. झाडून सगळ्यांनी निळे लिहिले, डॅरननेही. सासूबाईंनी लिहिलं, लाल, एका धावेने. मी हळूच म्हटलं, आई, एकदा विचार करा. "निळ्यांचा तो बघा, बुटाची नाडी सोडून बसलाय," त्या म्हणाल्या. "लालवाले बघा. एकाची पाठ टेकलेली नाही."

आठव्या डावात लालने तीन धावा काढल्या. सुट्टी संपली तरी कुणी उठेना. शेवटच्या, नवव्या डावात आणखी दोन, आणि सामना संपला. सियोनेने सासूबाईंना खुर्चीसकट उचललं, सगळी खोली "कोच, कोच" म्हणून टेबलं बडवू लागली, आणि त्या एका हाताने पदर आणि दुसऱ्याने त्याचे केस धरून शुद्ध मराठीत, "खाली ठेव मेल्या, पडेन," असं बजावत होत्या. त्यांना इतकं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी डॅरनने जाहीर केलं की पाहुण्यांची चिठ्ठी धरता येत नाही. तीच चिठ्ठी त्याने स्वतःच्या हाताने घेतली होती, सासूबाईंच्या डब्यातलं थालीपीठ खात. त्याने स्वतः निळे एका धावेने लिहिले होते. फरक तरी बरोबर आला म्हणून विजेता तो! मी त्याच्या अंगावर धावलो. सासूबाईंनी माझी बाही ओढली. "बसा जावईबापू. खोलीत बघा जरा." बघितलं. एकही माणूस डॅरनकडे बघत नव्हता.

उन्हाळा सरता सरता त्या फलटणला परतल्या. गेल्या दिवाळीनंतर वारल्या. अंत्ययात्रेत त्यांच्या खो-खोच्या मुली होत्या, आता पन्नाशीच्या, आणि खांदा त्यांनीच दिला, पुरुषांना बाजूला सारून. हे कळलं तेव्हा मला रडू आलं नाही, ऊर भरून आला.

पण ढाल अजून भिंतीवर आहे, आणि आज स्मोकोला मी सगळ्यांसमोर विचारणार आहे. मुद्दाम बसून, आवाज न चढवता. डॅरन, तू निळे लिहिलेस आणि निळे हरले. मग तिथे तुझं नाव कसं? उत्तर दे.