राखेतला वाल आणि पाल्यातला वाल

मी दुसरीपर्यंत शिकलो. शाळेत मला कुणी शिकवायला बोलावेल असं सांगणाऱ्याला मी वेड्यात काढलं असतं. पण बोलावलं. पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.

आमच्या पाड्यावरच्या शाळेतल्या बाई डहाणूहून यायच्या. कासापर्यंत एक जीप, पुढे दुसरी. कोसबाडला शेतीचं काही शिकून आल्या होत्या. शाळेमागे मुलांकडून भाजी लावून घ्यायची होती. विकतचं खत नाही, फवारणी नाही, बियाणं गावचं. ते बियाणं शोधत माझ्या दारात आल्या, आणि मुलांना पेरायला शिकवायला शाळेत चला म्हणाल्या.

माझ्याकडे बायकोचा वाल होता, लाल कडेच्या शेंगांचा. ती दाणे राखेत घोळून वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरायची आणि चुलीवर धुरात टांगायची. ती मेली. सून गॅसवर रांधायला लागली, धूर बंद झाला. तुंबा उतरवला तर बहुतेक दाणे भुंग्याने पोखरलेले. मूठभर धड निघाले. तसा वाल दुसऱ्या कुणाकडे नव्हता, मी विचारून आलो होतो. हे उगवले नाहीत तर तिचा वाल संपला.

बाईंनी मुलांकडून दोन वाफ्यांवर जाड पाला पसरून घेतला. कुजू दे म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर एक वाफा काळा. आमच्याकडे उन्हाळ्यात वाफ्यावर पाला पसरला की तो पेटवायचाच असतो; भाताच्या रोपांसाठी राब भाजतात तो असाच. पोरींनी घरच्यासारखंच केलं, शिवाय आग पसरू नये म्हणून हंडे घेऊन राखण बसल्या.

बाई चिडल्या. "मी काय सांगितलं होतं?"

"पाला पसरा सांगितलंत, बाई," एक पोरगी म्हणाली. "पेटवायला काय तुम्ही येणार होता?"

मी हसलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. मग बाईही हसल्या. म्हणाल्या, निम्मं बी राखेत पेरू, निम्मं पाल्यात. मी म्हटलं, बायकोचं बियाणं आहे, तुमचा खेळ नाही. सगळं राखेतच जाईल.

"बाबा, सगळं एकाच ठिकाणी पेरलंत आणि तिथेच मेलं तर?"

मी दाणे मोजले. दिलं निम्मं.

पाऊस लागल्यावर पेरलं. राखेतला वाल आधी वर आला. मी बाईंना चिडवून चिडवून हैराण केलं. रोज सकाळी चहा अर्धा सोडून शाळेमागे धावायचो, या वयात. मग भादव्यात पावसाने दडी मारली. राखेतल्या वेलांनी माना टाकल्या. पाल्याखाली बोट घातलं तर माती ओली. बाईंच्या वेलांनी मांडव झाकून टाकला. मी साफ हरलो, आणि हे सांगत पाडाभर फिरलो.

थंडीत शेंगा लागल्या. लाल कडेच्याच. खिचडी शिजवणारी बाई टोपली घेऊन आली, मी आडवा उभा राहिलो. आधी बियाण्याच्या शेंगा ठरवायच्या, उरल्या तर खायच्या. आमच्या घरात असंच चालायचं. पोरींनी केसांच्या रिबिनी सोडून चांगल्या शेंगांना बांधल्या. वाळल्यावर दाणे आपापल्या घरी पेरायला नेले.

आता दर थंडीत कुणाचा वाल जास्त धरला यावरून त्या भांडतात आणि निवाड्याला मला बोलावतात. मी जातो. एकही मांडव सोडत नाही.