दसऱ्याला बंदूक घेऊन दोन कोस

"विषय बदला," असं सर म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी आम्ही गाडीचं वेळापत्रक बघितलं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी अकोल्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. समाजशास्त्राचा गटप्रकल्प होता आणि विषय आम्हीच निवडलेला: पीकराखणीसाठी खेड्यापाड्यांत ज्या परवान्याच्या बंदुका असतात, त्यांचा धाक घरातल्या बायकांना दाखवला जातो का? गटात तिघं. मी, मैत्रीण सुलभा आणि प्रकाश. प्रकाशच्या आत्याच्या घरी अशी बंदूक होती. सरांचं म्हणणं, बंदुका मोजा, डुकरं मोजा, पण बायकांना मध्ये आणू नका. "घरातलं घरात राहू द्या." हे वाक्य ऐकलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्याही बैठकीत बाबांची दुनळी बंदूक टांगलेली होती, हे आधीच सांगून टाकते. मला तिचा भारी अभिमान. "आमच्याकडेही आहे, पण आमचे बाबा तसे नाहीत," हे मी त्या प्रवासात दहा वेळा तरी म्हटलं असेल.

नवरात्राच्या सुट्टीत पॅसेंजरने निघालो आणि वाटेत शेगावला उतरलो. दसऱ्याच्या सुमारास जाणार असाल तर खोली आधी ठरवून ठेवा. आम्हाला तिघांना मिळून धर्मशाळेची एक पडवी मिळाली होती. कचोरी गरमच खा, तळलेल्या मिरचीसकट. गार झाली की ती नुसती पोट भरते. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर सुलभाला विचारलं, काय मागितलंस? म्हणाली, "सरांना सुबुद्धी."

दुसऱ्या दिवशी मलकापूरपर्यंत रेल्वे, तिथून एसटीने धामणगाव बढे. दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर दिसत राहतात म्हणून खिडकी त्या बाजूची पकडा. पुढे दोन कोस बैलगाडी. कपाशीची बोंडं फुटायला लागली होती, ज्वारी डोक्याएवढी. आता म्हणे डांबरी रस्ता झालाय. गावाचं नाव लिहीत नाही, आत्याची नातवंडं अजून तिथं नांदतात.

यमुनाआत्या चाळिशीच्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. त्यांचे मालक नारायणराव मात्र मोठे हौशी आणि गप्पिष्ट. गेल्या गेल्या त्यांनी ओसरीतल्या दोन खुंट्यांवरची बंदूक काढून दाखवली. "रानडुकराचा कर्दनकाळ हाय हा," म्हणाले. आम्ही तिघं माना डोलवत लिहीत बसलो.

दोन दिवस आम्ही हीच चूक करत होतो. घरोघरी बैठकीत बसायचं, पुरुषांना विचारायचं, बायका चहा आणून ठेवायच्या आणि परत आत. 'घरातल्या कोणावर बंदूक रोखली का?' या प्रश्नापुढे सगळीकडे 'नाही'. कोण हो म्हणणार? तिसऱ्या दिवशी सुलभाच वैतागली. "चोरालाच विचारतोय आपण, चोरी केलीस का म्हणून!" मग प्रकाशला ओसरीत बसवलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात शिरलो.

दुपारची वेळ. आत्या आणि शेजारच्या दोघी शेंगा फोडत होत्या. आम्हीही हात लावला. कागद पिशवीतच ठेवले. बऱ्याच वेळाने एक शेजारीण आपणहून म्हणाली, "इलेक्शन आलं का बरं वाटते, माय."

आम्हाला काही उमगेना. निवडणुकीचा आणि बरं वाटण्याचा काय संबंध?

"अवं, तवा समद्या बंदुका ठान्यात जमा होतात ना! महिनाभर घर कसं मोकळं वाटते. दर साली इलेक्शन घ्या म्हना तुमच्या सरकारले."

तिघीही हसल्या. मग आत्या हसता हसता थांबल्या. "डुकरावर चार डाव उडली असंन ती. माह्यावर एकदाबी उडली नाही, खोटं काऊन बोलू? पन रोखली किती डाव, ते नका विचारू. डुकरं काय, कधीमधी येतात. मी तं रोजच घरात हाओ."

मी "आमचे बाबा तसे नाहीत" म्हणायला तोंड उघडलं होतं. आत्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी शेंगा फोडायला लागले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा असते. पाटावर विळा, कोयता, कुऱ्हाड, वखराची लोखंडी पास आणि मधोमध बंदूक. आत्यांनी ताट आणलं, एकेकाला हळदकुंकू वाहिलं आणि बंदूक ओलांडून पुढे गेल्या.

"यमुने, ते राह्यली," नारायणराव म्हणाले.

"राहू द्या. हिले मी पुजत नाही."

नारायणराव पाहुण्यांकडे बघून हसले. पण जेवताना भाकर वाढायला आत्या वाकल्या तेव्हा हळूच म्हणाले, "पाव्हने जाऊ दे. मंग सांगतो." वांग्याचं भरीत झकास होतं, पण मी दुसरी भाकर घेतली नाही. आमची परतीची गाडी दसऱ्याचीच होती. आम्ही निघालो की घरात ती बाई आणि ती बंदूक.

दसऱ्याच्या सकाळी नारायणराव देवळाकडे गेले. आत्यांनी नवं लुगडं नेसलं, खुंट्यांवरून बंदूक उतरवली आणि प्रकाशला म्हणाल्या, "भरली नाही ना, पाह्य. मले ठान्यात जा लागते." प्रकाशचा चेहरा उतरला. लहानपणापासून ज्या बंदुकीच्या बढाया मारल्या तीच ती. पण त्याने नळी तपासली आणि पायांत चपला अडकवल्या.

ठाणं दोन कोसांवर, धामणगाव बढेला. आत्या बंदूक खांद्यावर टाकून पुढे, मागे आम्ही तिघं. माझी तर पाचावर धारण बसली होती. आता कोणी अडवेल, मग अडवेल. पण दसऱ्याला हत्यार दिसलं तर कोण विचारतो? लोक आपट्याची पानं देत होते, रामराम घालत होते. एका म्हाताऱ्याने तर पूजेला चालली समजून नळीत झेंडूचं फूल खोचलं! आत्यांनी ते राहू दिलं.

ठाण्यातही शस्त्रपूजा मांडलेली. सतरंजीवर रायफली ओळीने, वर झेंडूच्या माळा. आत्यांनी आपली बंदूक त्या ओळीच्या शेवटी ठेवली.

हवालदार धावत आला. "बाई, परवाना कोनाचा हाय?"

"मालकाचा."

"मंग तुमाले हात लावता येत नाही. गुन्हा होते तो!"

"हात लावता येत नाही? वीस वर्सं झाले, दर नवमीले हिले हळदकुंकू लावा लागते मले. तवा कोनी सांगतलं नाही मले गुन्हा."

हवालदाराने डोकं खाजवलं. आत बसलेले फौजदार बाहेर आले, सगळं ऐकलं, रजिस्टर उघडलं. "निवडणूक तर नाही. जमा करायचं कारण काय लिहू?"

"लिहा," आत्या म्हणाल्या, "घरात डुकरं येत नाहीत."

फौजदारांनी काय लिहिलं मला दिसलं नाही. पण बंदूक ठेवून घेतली आणि म्हणाले, ज्याचा परवाना त्याने यायचं, बंदूक बायकोच्या हाती कशी लागली आणि तिने ती इथं का आणली ते लेखी द्यायचं, मग बघू. आत्यांनी पदराने कपाळ टिपलं. त्या लढाई जिंकल्यासारख्या दिसत नव्हत्या, दमल्या होत्या. प्रकाश आमच्याबरोबर परतला नाही, आठ दिवस आत्याकडेच राहिला. दिवाळीनंतर कॉलेजात त्याने सांगितलं, बंदूक अजून ठाण्यातच आहे. नारायणराव दोनदा कागद घेऊन बसले आणि दोनदा उठले. लिहिणार काय?

प्रकल्पातलं स्वयंपाकघराचं प्रकरण काढा, असं सर शेवटपर्यंत सांगत राहिले. आम्ही काढलं नाही. मार्क बेताचेच पडले. पडू देत.

पण हे सगळं नंतरचं. अकोल्याला घरी पोचले त्या सकाळी आई दसऱ्याच्या उरलेल्या पुरणाच्या पोळ्या लाटत होती. मी पिशवी टाकली आणि आत्यांची गोष्ट रंगवून रंगवून सांगितली. नळीतलं फूल ऐकून आई हसली. मग मी कागद काढला. एका घराची नोंद राहिली होती, आमच्या. 'नाही' लिहायला पेन तयारच होतं.

"आई, आपल्या बंदुकीचं काय गं? बाबांनी कधी..."

लाटणं थांबलं. आईने दाराकडे पाहिलं. पलीकडे बैठकीत बाबा पेपर वाचत होते, डोक्यावर दुनळी. तिने हातांचं पीठ झटकलं, स्टोव्हची हवा काढली.

"ठानं किती वाजता उघडते वं?" तिने हळू विचारलं.

"ठाणं बंदच होत नसतं, आई."

"मंग चाल."