बारीक अक्षरातलं जगताप

सरोजाक्कांच्या यजमानांचा, महादेवरावांचा फोन आला तेव्हा मी म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या मंडईत वांगी निवडत होतो. "तम्मा, तुझी आक्का गेली..." एवढंच ते बोलू शकले. सकाळी देवासाठी फुलं काढताना त्या अंगणातल्या कट्ट्यावर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. याला आता काही आठवडे झाले. पण आक्कांची आठवण निघाली की मला आधी हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

पुण्याहून बदली होऊन मी हिनकलजवळच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत आलो, तेव्हा शेजारच्या टेबलावर सरोजा जगताप अशी पाटी दिसली आणि जीव भांड्यात पडला. आपलं माणूस! "या की, बसा. ऊटा झाला?" त्यांनी विचारलं. जेवणाबद्दल विचारताहेत हे समजायला मला थोडा वेळ लागला आणि ही मराठी आहे हे मान्य करायला आणखी थोडा. म्हैसूरच्या जुन्या सैन्यातली त्यांची मंडळी, पिढ्यानपिढ्या इथलीच. माझ्या ‘तथापि’ आणि ‘परंतु’वर त्या खो खो हसायच्या आणि मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायच्या. "तम्मा, तू बातम्या सांगतोस की बोलतोस रे?"

आम्ही दवाखान्यांसाठी नोंदणीची प्रणाली बनवायचो. एकदा एका ठिकाणी दोन लक्ष्मम्मांची नावं स्पेलिंगच्या घोळात एक झाली आणि एकीचं औषध दुसरीला जाता जाता राहिलं. मग आक्कांनी एक तपासणी लिहिली. टाइप केलेलं नाव इंग्रजी आणि कन्नडमध्ये पडद्यावर मोठं दिसायचं, ते रुग्णाला वाचून दाखवायचं, त्यानं मान डोलावली तरच बटण दाबायचं. त्याशिवाय नोंद पुढे सरकतच नसे. टीममधली मुलं या तपासणीला ‘जगताप’च म्हणू लागली. "इथे जगताप लावलंस का?" आणि कोडमध्ये, पडद्यावरच्या बटणावरही तेच नाव पडलं, आक्का इंग्रजीत सही करायच्या तसं, टीनंतर एच असलेलं.

नवी आवृत्ती निघायच्या वेळी पुण्याचे साहेब व्हिडिओवर आले. "हे स्पेलिंग चुकलंय. जगतापमध्ये एच कुठून आला? आणि मुळात माणसाचं नाव कशाला? ‘नेम चेक’ करून टाका." आक्का खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "काढायचं तर खुशाल काढा, सर. पण ठेवलं तर एच ठेवा. आमच्या सासऱ्यांना शाळेत मास्तरांनी असंच लिहून दिलं, इकडं ‘त’ असाच लिहितात. लोकांचं नाव ते सांगतील तसं लिहावं म्हणून तर हे केलं... आन् त्याचंच नाव तुम्ही दुरुस्त करता होय?"

साहेब मोठ्यानं हसले. "हरलो, बाई. मग पहिलं अक्षर तरी कॅपिटल करू."

"बेडा, बेडा! नको!" आक्कांनी दोन्ही हात हलवले. "बारीकच असू दे. कोडमधलं ते हो-नाहीचं बूलियन बघा, तेबी कुणाच्या तरी आडनावावरनंच आलंय की. आता सगळे बारीक अक्षरात टाइप करतात, माणूस कोण ते कुणाला ठावं नाही. तसं झालं तर चांगलं." त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला.

गेल्या आठवड्यात महादेवरावांना डोळे दाखवायला मी कृष्णराजनगरच्या एका दवाखान्यात घेऊन गेलो. आक्का गेल्यापासून ते फारसे बोललेले नव्हते. काउंटरवरच्या मुलीनं कन्नडमध्ये आडनाव विचारलं.

"जगताप," ते म्हणाले.

"ते नव्हे, अज्जा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "ते या बटणाचं नाव. तुमचं सांगा."

महादेवराव तिच्याकडे बघत राहिले... आणि मग असे हसले, असे हसले, की बाकावरचे पेशंट वळून बघायला लागले. डोळे पुसत त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. मुलीनं ते टाइप केलं, पडदा त्यांच्याकडे वळवला आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. टीनंतर एच होता. त्यांनी मान डोलावली आणि तिनं बटण दाबलं.