झिऱ्याचं पाणी

फिल्टरच्या पाण्याला चव नसते. त्याने गोळी गिळता येते, तहान भागत नाही. माझी तहान भागायची ती भोकरदनजवळच्या आमच्या गावच्या नदीतल्या झिऱ्याने. आई वाळूत हातभर खड्डा खणायची, आधी वर आलेलं गढूळ पाणी वाटीने उपसून फेकायची आणि मग तळाशी जे निवळ, गार पाणी पाझरायचं त्याने हंडा भरायची. दारात हातपंप आला तरी तिची डाळ झिऱ्याच्याच पाण्यात शिजायची.

नव्वदनंतर नदीच्या वरच्या अंगाला एक भंगारवाला आला. तो जुने टीव्ही फोडायचा आणि काचेला आतून लागलेली पूड नदीतच धुवायचा. पाण्यावर पांढरट साय दिसली की आई म्हणायची, "वाळू समदं गाळती." आणि झिरा आणखी थोडा खोल खणायची.

पुढे तिच्या किडन्या बिघडल्या. जालन्यात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या भावाने तिला समजावलं, की त्या पुडीत पडद्याला रंग देणारे दुर्मीळ मृदा धातू असतात, ते पाण्यात उतरले तर वाळू त्यांना अडवेलच असं नाही, आणि वर्षानुवर्षं पोटात गेले तर शरीरात साचू शकतात. तुझं दुखणं त्यानेच आलं, हे मात्र कुणीच खात्रीने सांगू शकत नाही, असंही तो म्हणाला.

आईने सगळं ऐकून घेतलं. फिल्टरच्या पाण्याचा ग्लास बाजूला सारला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग जरा आजून खोल खांद, अन् एक तांब्या घिऊन ये."