मुदत संपलेला रोल आणि जांभळी पोरगी

मी सावळी. आता त्याचं काही वाटत नाही, पण तेव्हा लग्नाच्या वयाची होते आणि आमच्या घरात माझ्या रंगाची चर्चा कापसाच्या भावासारखी रोज व्हायची. मानवतला आमचं कापडाचं दुकान होतं, मागं घर, गावाबाहेर थोडं शेत. बघायला येणारे लोक आधी दुकानात नवी लुगडी बघत, मग मला. लुगडी पसंत पडत. एका पाहुण्यांनी तर चहा पिऊन झाल्यावर अण्णांना, माझ्या वडिलांना, मोठ्या नम्रपणानं सांगितलं, "पोरगी चांगली हाय, पण आमच्या घराला आधीच खिडक्या कमी."

त्याआधी परभणीच्या एका स्टुडिओत माझा फोटो काढून झाला होता. फोटोवाल्यानं तोंडाला इतकी पावडर थापली होती, की चक्कीतून उठून आल्यासारखी दिसत होते. तो फोटो बघून जे आले, ते मला बघून गप्पच बसले. त्या दिवशी चहा मात्र सगळ्यांनी दोनदा घेतला.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, यावर उपाय सापडला तो हैदराबादला. दुकानाचा माल आणायला तो काचीगुड्याच्या स्टेशनावर उतरायचा. त्या खेपेला लुगड्यांच्या गठ्ठ्याबरोबर त्यानं एक काळी पेटी आणली. पुढं काचेचा एक डोळा, वर दोन छोट्या खिडक्या, पाठीमागं फोटोचा आकडा दिसायला एक तांबडं भोक. जुन्या बाजारातून घेतलेला पेटी-कॅमेरा होता तो. त्याच्यासोबत दुकानदारानं एक रंगीत रोल दिला होता. रोलाची मुदत कधीच संपलेली होती. दादानं विचारलं तर तो म्हणाला होता, "तारीख गई तो गई मियां, रंग कां जाता? फिकर नक्को करो."

दादा हे वाक्य त्या माणसाच्याच ढंगात सगळ्यांना म्हणून दाखवायचा. त्याचं म्हणणं असं, की काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग दोनच, त्यात ही बिचारी काळ्यात पडते. रंगीत फोटोत हिला न्याय मिळेल.

आईनं नव्या वस्तूची पूजा केली. पूजा म्हणजे विभूतीचं बोट, आणि ते तिनं नेमकं काचेच्या डोळ्यावरच ओढलं. दादा ओरडला. धोतराच्या सोग्यानं काच पुसता पुसता म्हणाला, "आई, त्याचा डोळा हाय तो, कपाळ न्हाई!"

"मग कपाळ कुठाय त्याचं, दाखव," आई म्हणाली.

रोलात आठ फोटो निघायचे. माझ्या वाट्याला शेवटचा आला. आधी अण्णा फेटा बांधून दुकानाच्या पायरीवर बसले. मग आईचा आग्रह म्हणून आमचा बैल. मग शेजारच्या काकू, त्यांची म्हैस, आणि फोटोत आली नाही म्हणून रुसलेली त्यांची सासू. एक आकडा दादानं चावी जास्त फिरवल्यामुळं तांबड्या भोकातून निघूनच गेला. एकात नुसता त्याचा अंगठा आला असावा.

माझी पाळी आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मी हळदी रंगाचं, हिरव्या काठाचं इरकल नेसले होते. दादानं पेटी पोटाशी धरली आणि मान खाली घालून वरच्या खिडकीत बघायला लागला.

"डावीकडं सरक," तो म्हणाला. मी त्याच्या डाव्या हाताकडं सरकले.

"अगं, डावीकडं म्हनलं ना!"

"सरकले की!"

"तू उजवीकडं जायलीस. अजून डावीकडं."

त्या खिडकीत सगळं उलटं दिसतं, डाव्याचं उजवं, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मला तर नव्हतंच. तो म्हणत गेला, मी सरकत गेले. भिंत संपली, ओसरी संपली, शेवटी मी पाण्याच्या रांजणावर आदळले आणि रांजणावरचा तांब्या माझ्या खांद्यावरून घरंगळत खाली गेला. दादा अजून खाली बघूनच म्हणत होता, "हलू नको. हसू नको." मला जे हसू फुटलं ते आवरेना. तेवढ्यात खट्‌ झालं.

रोल धुवायला मुंबईला पोष्टानं गेला. महिना होऊन गेल्यावर पाकीट आलं. अण्णांनी दुकानातच ते फोडलं, आत बोट घालून चाचपलं आणि म्हणाले, "ह्याच्यात फोटो कुठायत? कातडं पाठवलंय नुसतं."

कागदावरचे फोटो नव्हतेच ते. काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या फिल्मचे तळहाताएवढे तुकडे होते. उजेडाकडं धरून बघायचे. दादानं अंगणात जाऊन पहिला तुकडा आभाळाकडं धरला आणि मग उलटा करून पुन्हा धरला.

रंग आले होते, खोटं कशाला सांगू. पण ते आमचे नव्हते. अण्णांचा पांढरा फेटा वांग्याच्या रंगाचा झाला होता. आमचा बैल गुलाबी होता. आभाळ पिकलेल्या पेरूच्या आतल्या गरासारखं. आणि मी जांभळी. हलकीशी जांभळी नव्हे, जिंतूरच्या वाटेवर टोपलीत विकतात ना, त्या जांभळासारखी. पांढरे होते ते फक्त दात, आणि तेही सगळे दिसत होते.

आईनं पदर डोळ्याला लावला. "कुणाची तरी नजर लागली," ती म्हणाली. मी मात्र बैल बघून पुन्हा हसायला लागले. आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू तो रोल मीच बिघडवला होता.

सोनपेठच्या एका मास्तरांकडून त्याच सुमाराला फोटोची मागणी आली होती. मास्तरच नवरामुलगा, त्याला आईवडील नव्हते, आत्यानं वाढवलेला. अण्णा म्हणाले, "फोटो न्हाई म्हनून कळवून टाक." दादा ऐकेना.

"पाठवायला काय हरकत हाय? काळी तर दिसत न्हाई ना?"

"अरे, पण जांभळी दिसतीय!"

"जांभळी म्हनून कुनी पोरगी नाकारल्याचं तुमी ऐकलंय का?"

अण्णांनी आठवून बघितलं. तसं काही ऐकलेलं नव्हतं. माझ्या फोटोचा तुकडा पाकिटात घालून सोनपेठला गेला.

उत्तर आलंच नाही. पंधरवड्यानं एका दुपारी सर्व्हिस मोटारीतून ते दोघंच उतरले, मास्तर आणि त्यांची आत्या. आत्याबाई उंच, खणखणीत आवाजाच्या. पायावर पाणी घेता घेताच त्यांनी आईला सांगितलं, "आडपडदा न्हाई ठेवत बाई. पोरगी खरंच जांभळी हाय का, ते बघायला आले मी. आमच्यातले सगळे म्हनायलेत, कायतरी दुखनं असंल."

मी पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आले तर त्यांनी ताटली माझ्या हातून घेतली, बाजूला ठेवली, मला दंडाला धरून अंगणात उन्हात नेलं आणि हनुवटी वर केली. एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून.

"ह्या! सावळीच हाय की!" त्या म्हणाल्या. "आमच्यासारखीच."

त्यांचा सुस्कारा समाधानाचा होता की निराशेचा, कळलं नाही. लय लांबून आल्या होत्या बिचाऱ्या.

मास्तर आतापर्यंत खाली बघून बसले होते. बोलायचं म्हणून बोलले, "फोटो लय भारी हाय. वर्गाच्या खिडकीला लावला होता उजेडासाठी. सगळ्या शाळेनं रांग लावून बघितला."

माझं डोकंच फिरलं. बघायला आलेल्यासमोर मुलीनं खाली बघायचं असतं, हे मला चांगलं शिकवलेलं होतं. पण मी वर बघितलं. "माझा फोटो शाळेला दाखवायला मला इचारलं होतं का?"

अण्णांनी घसा खाकरला. आईच्या हातातला पेला तसाच राहिला. मला वाटलं, झालं, हेही चालले.

मास्तरांचे कान लाल झाले. "चुकलं," ते म्हणाले. "न्हाई इचारलं." मग म्हणाले, "पन तुमी त्यात हसायलात कामून, हे मला कळंना. पोरं बी तेच इचारायलीत."

आता राग ठेवायचा की सोडायचा, या विचारात मी सांगून टाकलं. डावीकडं, उजवीकडं, रांजण, तांब्या, सगळं. ते हसायला लागले. आधी हळू, मग मांडीवर थाप मारून. त्यांनी दादाला कॅमेरा मागितला, खिडकीत डोकावले, डावं-उजवं करून बघितलं आणि पेटी माझ्या हातात दिली. "तुमी बघा."

मी त्या खिडकीत तोवर कधी बघितलंच नव्हतं. दादा कुणाला हात लावू द्यायचा नाही. खिडकीत नखाएवढं अंगण होतं, अंगणात नखाएवढे मास्तर.

"डावीकडं सरा," मी म्हणाले.

ते माझ्या डाव्या हाताकडं सरकले. खिडकीत उजवीकडं गेले. का कोण जाणे, मी थांबले नाही. "अजून. अजून थोडं." त्यांना कळत होतं, तरी ते सरकत राहिले, गंभीर तोंडानं, शाळा तपासनीस समोर असल्यासारखे. शेवटी बैलाच्या दावणीला पाय अडकून वैरणीच्या ढिगावर बसले. मी खटका दाबला. आत रोल नव्हता.

"ह्याचा बी जांभळाच येतोय का?" आत्याबाईंनी विचारलं.

या सगळ्यात परतीची मोटार निघून गेली. पाहुण्यांना मुक्काम करावा लागला. आत्याबाई चुलीपुढं बसून आईबरोबर भाकरी थापायला लागल्या आणि आईच्या भाकरीला कडा जाड होतात, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आईला त्या आवडल्या, ही आश्चर्याची गोष्ट.

सकाळी निघताना आत्याबाईंनी अण्णांना सांगितलं, "आमाला पसंत हाय. पन तुमच्या पोरीला इचारा. ती बोलनारी हाय, मागनं तक्रार नको."

अण्णांनी तोवर मला लुगड्याचा रंगसुद्धा कधी विचारला नव्हता. ते स्वैपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चौकटीवरून हात फिरवत राहिले.

"काय म्हनतीस?" शेवटी म्हणाले.

मी परातीतलं पीठ मळत होते. "व्हय म्हना," मी म्हणाले, आणि लगेच वाटलं फार पटकन बोलले, म्हणून पुढं जोडलं, "तुमाला वाटत असंल तर."

अण्णा बाहेर गेले. बाहेर दादाचा मोठा खुशीचा आवाज ऐकू आला, आणि पाठोपाठ आत्याबाईंचा त्याहून मोठा. कापूस घरात आल्यावर लग्न झालं.